बँक कुणाच्या ओटीपर्यंत येते?



माघ-फाल्गुनात वालाच्या शेंगा सुकतात, झोडणी होते आणि आमच्या रोह्याच्या बाजूला गावात दोन तऱ्हेची घरे दिसू लागतात. एका घरी वाल राखेत घोळून कणगीत भरतात आणि कणगीचे तोंड शेणमातीने लिंपतात. ते उघडते थेट श्रावणात. दुसऱ्या घरी वाल पोत्यात भरतात आणि ते पोते त्याच आठवड्यात बाजाराच्या टेम्पोत चढते. शिवार एकच, दव एकच, वालही तेवढेच कडवे. पण फाल्गुनात विकलेल्या पायलीला आणि श्रावणात विकलेल्या पायलीला एकच भाव येत नाही, हे तुम्हांला मी सांगायला नको.

नोकरीत नवा होतो तेव्हा मला वाटे, पहिले घर शहाणे आणि दुसरे उतावळे. दापोलीच्या कृषी विद्यापीठातून बी. एस्सी. होऊन आलेला मी सभेत छाती काढून सांगत असे, "मंडळी, सुगीला माल विकू नका. थोडा धीर धरा." लोक माना डोलवीत आणि दुसऱ्या दिवशी विकत. धीर ही मनाची गोष्ट आहे असे मी धरून चाललो होतो. ती पैशाची गोष्ट आहे, आणि तो पैसा कुणाला कोठून मिळतो याची आहे, हे समजायला मला बरीच वर्षे लागली. निवृत्ती आता जवळ आली आहे, म्हणून एकदा ते सांगून टाकतो.

भिऱ्याच्या टाटांच्या वीजघरातून सुटलेले पाणी कुंडलिकेत येते, डोलवहाळच्या बंधाऱ्यापाशी अडते आणि कालव्यांनी खालच्या शिवारात फिरते. त्या पाण्यावर पावसाळी भातानंतर उन्हाळी भात निघते. १९९९ च्या सुमारास माझ्या भागातल्या एका गावी मी उन्हाळी भाताचे प्रात्यक्षिक लावले. सुधारित बियाणे होते, आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या होत्या. चार चुडांच्या मध्ये एक गोळी खोचायची. एका बांधाच्या अलीकडे-पलीकडे दोन शेतकरी निवडले. अलीकडचे दादा स्वतःच्या जमिनीचे मालक, सातबारा त्यांच्या नावचा, गावच्या सोसायटीचे जुने सभासद. पलीकडचे काका मुंबईला गेलेल्या एका कुटुंबाची खाचरे अर्धेलीने कसत. कागद काही नव्हता. मालक चांगले होते, पण कागदावर सही केली तर उद्या कूळ लागेल ही भीती त्यांना होती. १९४८ चा कूळकायदा कसणाऱ्याच्या भल्यासाठी झाला आणि त्याने लाखोंना जमिनी मिळाल्या हे खरेच. पण त्यानंतर जे नव्याने दुसऱ्याची जमीन कसू लागले, त्यांच्या हाती त्याच भीतीने कुणी चिठ्ठीसुद्धा देईना.

पीक दोघांचेही झकास आले. मी शिवारफेरी काढली. फोटो निघाले. आणि आठवड्याने जाऊन पाहतो तर काकांचे भात खळ्यावरूनच व्यापाऱ्याच्या गाडीत चाललेले. दादांचे मात्र घरात. मला राग आला. "काका, एवढे सांगितले होते ना, महिनाभर थांबा म्हणून?" काका पेंढ्याचे भारे बांधत राहिले. काकी मात्र सूप खाली ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, तुमची सभा ज्याच्या ओटीवर होते ना, बँकबी तिथवरच येते. आमच्या पडवीला कोन येतो? व्यापारीच येतो."

त्या रात्री बिऱ्हाडी येऊन मी माझी लाभार्थ्यांची वही उघडली. बियाण्याचे अनुदान, फवारणीचा पंप, सोसायटीकडे केलेल्या शिफारशी, सगळी नावे माझ्याच अक्षरात. पुन्हा पुन्हा तीच पंधरा-वीस घरे. मी कुणाला मुद्दाम वगळले नव्हते. फॉर्मवर सातबाऱ्याचा रकाना होता, आणि ज्याचा तो रकाना भरत होता त्याचे नाव मी लिहीत होतो. काकांचे नाव प्रात्यक्षिकाच्या पाटीवर होते, वहीत नव्हते. पाटीवरच्या माणसाने खत कशाच्या पैशाने आणले, हे मी त्यांना एकदाही विचारले नव्हते. ते त्यांनी व्यापाऱ्याकडून आणले होते, सुगीला भात घालीन या बोलीवर.

आता हिशेब करू. समजायला सोपा जावा म्हणून आजचे आणि गोल आकडे घेतो. तुमच्या घरचे आकडे तुम्ही घाला. एक एकर उन्हाळी भाताला २० हजार रुपये लागले असे धरा. सातबारा असलेल्याने पीककर्ज काढले आणि ठरलेल्या तारखेच्या आत फेडले, तर आपल्या राज्यात केंद्राची सवलत आणि डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून ३ लाखांपर्यंत त्याला व्याज पडत नाही. त्याच्या शेजाऱ्याने तेच २० हजार शेकडा तीन रुपये दरमहाने घेतले, तर पाच महिन्यांचे व्याज झाले ३ हजार. शिवाय ज्याचे पैसे घेतले त्यालाच भात घालायचे, तेही खळ्यावर, त्याच्या भावाने. क्विंटलमागे २०० रुपये कमी मिळाले तर २० क्विंटलांचे ४ हजार. एका हंगामात, एका एकरावर, एकाच पिकाला ७ हजारांचा फरक. घाम दोघांचाही तेवढाच. दहा वर्षे हे चालले की एका घरातला मुलगा आय.टी.आय. करून धाटावच्या कारखान्यात लागतो आणि दुसऱ्या घरातला दहावीच्या आधीच वीटभट्टीवर जातो. मग आपण म्हणतो, त्यांच्या घरात शिक्षणाची आवडच नाही.

व्यापाऱ्याला मी दुष्ट म्हणणार नाही. रात्री दहा वाजता पोराला ताप भरला तर तो पैसे देतो. कागद मागत नाही, सह्या मागत नाही, 'साहेब जेवायला गेलेत' म्हणत नाही. त्याची उधारी महाग असते, पण ती मिळते. स्वस्त असून न मिळणाऱ्या कर्जापेक्षा गरीब माणूस ती पत्करतो, यात त्याचे गणित कच्चे नसते.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. २००८ साली केंद्राची कर्जमाफी झाली, २०१७ साली राज्याची, २०१९ साली पुन्हा राज्याची. प्रत्येक वेळी याद्या लागल्या. त्या याद्यांत कोण होते? ज्याला बँकेने कधी काळी कर्ज दिले होते तो. ज्याला बँकेने उंबरठ्यावरूनच परत पाठवले, त्याचे देणे व्यापाऱ्याच्या चोपडीत होते, आणि ती चोपडी कुठल्याच सरकारने मागवली नाही. दादांना माफी मिळाली. मिळायलाही हवी होती, त्या साली त्यांचे पीक खरोखर गेले होते. काकांचेही गेले होते.

हे आजचे नाही, मंडळी. आमच्या कोकणात खोतीच्या काळी आषाढ-श्रावणात कणगी रिकामी झाली की भात दिढीने आणीत: एक मण न्यायचा, सुगीला दीड मण घालायचा. चार महिन्यांत निम्म्याने वाढणारे हे कर्ज. अलिबागकडे चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली १९३३ पासून सहा वर्षे जमिनी कसल्या नाहीत, उपास काढले. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती मोडण्याचे विधेयक मांडले. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या कायद्याने खोती गेली. जमिनीचा धनी बदलला. पण आषाढातली रिकामी कणगी तशीच राहिली, आणि ती भरायला पैसे कुणाकडे मागायचे हा प्रश्नही.

रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख आपल्याच जिल्ह्यातले. जन्म १८९६ सालचा, महाडजवळच्या नाते गावचा. बालपण रोह्यात गेलेले. १९४३ ते १९४९ ते गव्हर्नर होते. पुढे ते अर्थमंत्री झाले, त्या काळात रिझर्व्ह बँकेने देशभरातल्या ६०० खेड्यांत माणसे पाठवून शेतकऱ्याच्या कर्जाची पाहणी करविली. १९५४ साली अहवाल आला. शेतकऱ्याने घेतलेल्या १०० रुपयांत सहकारी संस्थांचे जेमतेम ३ रुपये, व्यापारी बँकांचा पुरता एक रुपयाही नाही, आणि सावकारांचे सुमारे ७०. त्या अहवालातल्या शिफारशीवरूनच १९५५ साली इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढण्याचे काम तिच्यावर आले. मग १९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७७ ते १९९० या काळात तर असा नियम होता की, जेथे बँक आहे तेथे आणखी एक शाखा काढायची असेल तर जेथे नाही अशा चार ठिकाणी आधी काढा. या नियमाचे काय फळ मिळाले हे रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे या अभ्यासकांनी तपासले. ज्या राज्यांत अशा ग्रामीण शाखा अधिक निघाल्या, तेथे खेड्यांतले दारिद्र्य अधिक उतरले, असे त्यांनी २००५ साली दाखवून दिले. कर्जेही पुष्कळ बुडाली, तेही त्यांनी लपवले नाही.

म्हणजे बँक गावात आली की फरक पडतो. पण बँक गावात येणे आणि घरात येणे यांत अंतर आहे. बँकेला दोन दारे असतात म्हणा ना. ठेवीचे दार सगळ्यांना उघडे. म्हातारीचे निराधार योजनेचे पैसेसुद्धा त्यातून आत जातात. कर्जाचे दार मात्र सातबारा, जामीन आणि ओळख पाहून उघडते. गावातून १०० रुपये ठेव गोळा झाली, त्यांतले गावात कर्जाऊ किती परत आले, याला बँकवाले 'सीडी रेशो' म्हणतात. (चिंतामण द्वारकानाथांची आद्याक्षरेही तीच, हा योगायोग.) ग्रामीण आणि निमशहरी शाखांनी १०० पैकी निदान ६० रुपये तरी कर्जाऊ द्यावेत अशी रिझर्व्ह बँकेची अपेक्षा आहे. बाकीचे शहरात कुणाच्या फ्लॅटला किंवा मोटारीला जातात. आणि गावात जे येतात तेही कोणत्या घरांत येतात, ते या आकड्यावरून कळत नाही. ते तुम्हांला आपल्याच आळीत फिरून पाहावे लागेल.

काकींचे बोलणे माझ्या मनातून गेले नव्हते. २००३ साली त्यांच्या आळीत बायकांचा बचत गट निघाला. दरमहा २० रुपये. पहिले सहा महिने मी फक्त हिशेबाची वही तपासायला जात असे, कारण याहून मला काही करता येत नव्हते. मग बँकेने गटाला कर्ज दिले. माझी अपेक्षा अशी की बायका शेळ्या घेतील, शिलाईयंत्र घेतील; आमच्या माहितीपत्रकात तशीच चित्रे असत. त्यांनी ते पैसे आपसात वाटून फाल्गुनातली व्यापाऱ्याची देणी फेडली आणि वाल घरात ठेवले. बस्स. नवीन धंदा काही नाही. मी थोडा हिरमुसलो होतो, खोटे कशाला सांगू. श्रावणात काकींनी कणगी उघडली, वाल विकले, गटाचा हप्ता भरला आणि उरलेल्या पैशांतून खताच्या चार गोण्या रोखीने आणल्या. माझ्या वीस व्याख्यानांनी जो धीर आला नव्हता, तो त्या कर्जाने आला होता.

डोंगराकडेच्या कातकरी वाडीवर मात्र हा गट चालला नाही. तेथे गौरी-गणपतीच्या सुमारास भट्टीचा ठेकेदार येतो, घरात दाणा नसतो, उचल देतो, आणि दिवाळीनंतर सारे कुटुंब उचल फेडायला निघून जाते. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली, पण उचलीची वही ठेकेदाराजवळच असते. जे सहा-सात महिने गावातच नसतात त्यांनी दरमहा वही कशी भरायची? हे कोडे मला आजवर सुटलेले नाही.

मग २०१० आले. सप्टेंबरमध्ये पेण अर्बन बँकेचे व्यवहार रिझर्व्ह बँकेने थांबवले. १९३५ सालची बँक. तपासातून बनावट नावांची कर्जखाती पुढे आली. ठेवीदार दोन लाखांच्या घरात, ठेवी शेकडो कोटींच्या. जमीन विकून आलेला पैसा, निवृत्तांची पुंजी, गणपतीच्या कारखान्यांत रंगकाम करणाऱ्या बायांची बचत. लहान माणसांनी ठेवीच्या दाराने घातलेले पैसे कर्जाच्या दाराने भलतीकडेच गेले होते. ठेवीवर त्या वेळी विमा होता १ लाखाचा, आणि तोही बँक अवसायनात निघाल्यावर मिळायचा. ठेवीदारांनी संघर्ष समिती केली, मोर्चे काढले, कोर्टात गेले. वर्षांमागून वर्षे गेली. ज्याच्याजवळ दुसरे काही होते तो तगला. ज्याचे सारे त्यात होते, त्याला मुलीचे लग्न पुढे ढकलावे लागले, औषध अर्धे करावे लागले.

आमच्या आळीतल्या बायकांचे तेथे एक पैसाही नव्हता. त्यांचे खाते दुसऱ्या बँकेत, आणि त्या बँकेला काही झाले नव्हते. पण पेणची बातमी आली त्या आठवड्यात काकी आणि आणखी दोघी माझ्याकडे आल्या. "आमचे पैसे तिथं ठीक आहेत ना, साहेब?" मी म्हणालो, "हो, ठीक आहेत." काकींनी विचारले, "कशावरून?" मला उत्तर देता येईना. सात वर्षे मी त्यांना बँकेत पैसे ठेवा म्हणून सांगत होतो, आणि बँक बुडाली तर काय होते हे स्वतः कधी विचारले नव्हते. त्यांनी माझा चेहरा पाहिला, सोमवारी जाऊन गटाचे सगळे पैसे काढले आणि एका ट्रंकेत ठेवले. खाते रिकामे झाले, कर्ज थांबले. पुढच्या फाल्गुनात वाल पुन्हा पोत्यात गेले. पेणला ज्यांचे काही बुडाले नव्हते, त्यांचेही असे बुडाले. ते वर्ष माझ्या 'हो, ठीक आहेत' या दोन क्षणांच्या उत्तरावर लिहिलेले आहे.

त्यानंतर मी बँकेची कलमे वाचायला लागलो, किडींची नावे पाठ करावीत तशी. त्यांतले तुमच्या कामाचे तेवढे सांगतो. ४ फेब्रुवारी २०२० पासून बँकेतल्या ठेवीचा विमा माणशी, दर बँकेमागे, ५ लाखांपर्यंत आहे, मुद्दल आणि व्याज मिळून. आणि २०२१ च्या दुरुस्तीने बँकेवर निर्बंध आले तर ती रक्कम ९० दिवसांत मिळायला हवी. हे नागरी सहकारी बँकेलाही लागू आहे. पतसंस्थेला नाही! पतसंस्थेच्या पाटीवर कितीही मोठी अक्षरे असोत, तेथल्या ठेवीवर हा विमा नाही. दोन टक्के व्याज जास्त मिळते म्हणून सारे काही तेथे नेऊन ठेवू नका.

कर्जाचे म्हणाल तर, किसान क्रेडिट कार्डाच्या योजनेत कुळे, वाटेकरी आणि तोंडी बोलीवर जमीन कसणारे यांनाही जागा आहे. चार-पाच जणांनी मिळून एकमेकांच्या जबाबदारीवर गट केला तर त्या गटालाही कर्ज देता येते. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. शाखेत हे ठाऊक नसल्यासारखे बोलले गेले तर भांडू नका, 'नाही' म्हणायचे ते कागदावर लिहून द्या म्हणा. आणि घरधनीणीचे नाव सातबाऱ्यावर लावून घ्या. लावणीला ती असते, झोडणीला ती असते, बँकेत मात्र तिला विचारतात, "मालक कुठे आहेत?"

ट्रंकेतले पैसे दीड वर्षाने परत खात्यावर गेले. विम्याचे कलम मी काकींना दोनदा वाचून दाखवले. तिसऱ्यांदा त्यांच्या नवव्या इयत्तेतल्या नातीने वाचले, तेव्हा विश्वास बसला. आता काका नाहीत. जमीन मुलगा कसतो, मालकांचीच, अजून तोंडी. सोसायटीच्या सचिवांनी सांगितले आहे की, मालकांची 'पीक हा काढतो' एवढ्या मजकुराची सही मिळाली तरी प्रकरण पुढे धाडता येईल. तसा कागद मी वकिलांकडून तपासून घेतला. त्याने कूळहक्क लागत नाही असेही त्यांनी लिहून दिले आहे. दिवाळीत डोंबिवलीला मालकांच्या घरी जाऊन आलो. चहा झाला, गावच्या गोष्टी झाल्या. धाकटे भाऊ म्हणाले, "विचार करून सांगतो." कागद माझ्या पिशवीत आहे. शिमग्याला ते पालखीसाठी गावी येतात, तेव्हा पुन्हा विचारणार आहे.